गाडीतला दम

चावी फिरवून इंजिन बंद केलं, तरी शिटी चालूच होती. आणि नेमकी त्याच वेळी तापीबाई जेवणाचा डबा घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. दुपारचे दोन वाजले होते. नंदुरबारच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हामुळे चिटपाखरू नव्हतं, आणि कापसाच्या जिनिंगमागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये हिलाल, त्याच्या थोरल्या भावाची जीप आणि तो आवाज, एवढंच होतं. आवाज बारीक, वर चढत गेलेला आणि शेवटी थोडा थरथरून खाली उतरणारा. "कोण शिटी वाजाडी ऱ्हायनं?" तापीबाईनं विचारलं. आवाज विरेपर्यंत ती उंबऱ्यातच थांबली, मान किंचित तिरकी करून. पूर्वी संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती नवऱ्याच्या जीपचा कानोसा घ्यायची, तशी. मग म्हणाली, "तेस्नासारखीच शे." डबा फळीवर ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि आली तशी निघून गेली. तेव्हा कुठे हिलालनं चावीवरचा हात काढला.

आवाज कशाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जिनिंगमध्ये बारा वर्षं फिटरकी केलेला माणूस तो; यंत्रातल्या आवाजाला भुताटकी म्हणणाऱ्यांची त्यानं भर चौकात टर उडवलेली होती. इंजिन बंद पडलं तरी शंखातलं चाक गतीनं फिरत राहतं, आणि फिरणारं चाक हवा कापतं, म्हणून शिटी. इतकं साधं. शंख हे नाव त्याचंच. इंजिनाच्या धुरावर चाक फिरवून उलट इंजिनातच जोरानं हवा कोंबणाऱ्या त्या बिडाच्या वेटोळ्याला इंग्रजीत टर्बो म्हणतात, हे करणसिंगनं त्याला सांगितलं होतं. पण शेडमध्ये येऊन बघून जाणाऱ्या दहाजणांना इंग्रजी सांगून काय उपयोग? दिसायला शंखासारखं, फुंकायला शंखासारखं. करणसिंग त्याचा जुना मित्र, नवापूरच्या पलीकडे गुजरातेत धरणाचं काम चाललं होतं तिथे मातीकामाच्या यंत्रांवर मिस्तरी. एक बुलडोझर कड्यावरून खाली गेला, त्याचं धूड भंगारात निघालं, आणि त्यातला शंख गोणपाटात बांधून करणसिंगनं रेल्वेनं नंदुरबारला आणला. हत्तीचं फुप्फुस बकरीला लावायला निघालास, असं म्हणून तो हसला होता. बुलडोझरवरच्या माणसाचं काय झालं, ते हिलालनं विचारलं नाही. करणसिंगनंही सांगितलं नाही.

हे सगळं कशासाठी, तर सुपडूदादासाठी. असं गाव म्हणत होतं, आणि हिलालनं ते कधी खोडून काढलं नव्हतं. सुपडू म्हणजे सहा फुटी, मोकळा माणूस, पुढच्या दोन दातांत फट, त्या फटीतून शिटी वाजवत जीप हाकणारा. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्यानं घेतली आणि तापी ओलांडून, तळोदा, अक्कलकुवा करत वर मोलगीच्या बाजाराला माणसं नेऊ लागला. पहाडातले लोक डोक्यावर टोपल्या घेऊन रात्र रात्र चालत यायचे, ते याच्या जीपमध्ये चौदा चौदा जण बसून यायला लागले. गेल्या साली मार्गशीर्षात, घाटातल्या देवीच्या वळणावर, जीप मागे आली आणि सुपडू तिच्याखाली गेला. पंचनाम्यात एवढंच लिहिलं होतं: चढावर गाडी मागे आली. पोलीस पाटलानं ते वाक्य तापीबाईला वाचून दाखवलं, तिनं ते दारात बसायला आलेल्या बायांना सांगितलं, "गाडी मांगे उनी," आणि बायांनी गावाला. तीन दिवसांत त्या वाक्याला पाय फुटले. इंजिन जुनं झालं होतं. चढ ओढवला नाही. गाडीत दमच नव्हता. दहाव्याला न्हाव्यापासून जिनिंगच्या मॅनेजरापर्यंत प्रत्येकानं हिलालच्या खांद्यावर हात ठेवून हेच सांगितलं, दम नव्हता रे गाडीत, आणि हिलालनं दर वेळी मान हलवली. तेराव्याला त्यानं तापीबाईला शब्द दिला, की वहिनी, मी त्या गाडीत असा दम भरतो की मोलगीचा घाट ती पळत चढेल. तापीबाई त्या वेळी रडली नाही, पण त्याच्याकडे तिनं असं पाहिलं, की त्याला वाटलं आपण खरंच भला माणूस असू.

आता सांगायला हरकत नाही. हिलाल स्वतःला दिवसातून दहादा सांगतच होता. अपघाताच्या बाजाराआधी आठ दिवस, याच शेडच्या दारात, सुपडू म्हणाला होता, "हिलाल, हातब्रेकनी तार तुटी ऱ्हायनी. जरा देखी ले." आणि हिलाल, हात ग्रीसमध्ये बुडालेले, वर न बघता म्हणाला होता, "पुढला बाजारले करी देसू, दादा." पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी सुपडूनं पुन्हा आठवण केली. हिलालला जिनिंगचा पट्टा बदलायचा होता. सुपडू हसला, दातांच्या फटीतून शिटी मारली आणि गेला. आणि देवीच्या वळणावर घाटातल्या सगळ्या ड्रायव्हरांचा नेम असा, की देवीपुढे इंजिन चालू ठेवायचं नाही. ऐन चढात गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, हातब्रेक ओढायचा, उतरून नारळ फोडायचा, मग पुढे. गुरगुरतं यंत्र घेऊन आईसमोर उभं राहणं बरं नाही, म्हणून. सगळी माणसं उतरून देवीच्या ठाण्याकडे गेली होती, सुपडू नारळाची टोपली काढायला गाडीच्या मागे गेला होता, आणि गाडी मागे आली. इंजिन तर बंदच होतं. बंद इंजिनाला कसला दम आणि कसला बेदम. त्या चौदा जणांनी हे पाहिलं होतं, पण ते पावरी या पहाडातल्या बोलीत बोलत होते, आणि पंचनामा मराठीत होता.

तर हिलालनं शंख बसवायला घेतला, आणि वर्षभर दुसरं काही केलं नाही. जिनिंगचं काम सुटलं की शेड. बायको रंजनाबाई आधी कौतुकानं बघत होती, मग काळजीनं, मग तिनं बघणंच सोडलं. शाळेच्या वहीत तो एकेक धडा लिहून ठेवायचा, तेही शुद्ध पुस्तकी मराठीत, कारण अहिराणीत कोण लिहितो? "हवा वाढविली तर पेट्रोलही वाढवावे लागते, अन्यथा इंजिन आतून जळते." हा धडा एक पिस्टन वितळवून मिळाला; बाहेर काढला तेव्हा त्याच्या माथ्याला बोट जाईल एवढं भोक होतं. "तेल शंखात दाबाने जाते, परंतु परत येताना आपल्या भाराने येते, म्हणून परतीची नळी जाड हवी." हा धडा शिकताना शेडमधून असा पांढरा धूर निघाला की समोरच्या सलूनमधली अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं साबणासकट रस्त्यावर आली, आणि आठवडाभर त्याला सगळे धुनीवाला म्हणत होते. इंजिनात पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला, तेव्हा ठिणगी मागे घ्यायची, म्हणजे थोडी उशिरा पाडायची, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं. आणि सगळ्यात मोठा धडा करणसिंगचा: "चढ चढी उनं का इंजिन एकदम बंद नही करानं. दोन मिनिटं तशंच चालू ऱ्हाऊ दे. इंजिन बंद का तेल बंद, अन शंख तर फिरीच ऱ्हायना. कोरडा फिरीसन मरी जास." हिलालनं ते वहीत उतरवलं आणि पेन्सिल खाली ठेवली. चढावर थांबायचं, पण इंजिन बंद करायचं नाही. हे वाक्य तो बराच वेळ वाचत बसला. वर्षभर, जेवढ्या वेळा तो जीपखाली पाठीवर सरकला, तेवढ्या वेळा ती हातब्रेकची तार त्याच्या नाकासमोर होती, पिळातले धागे एकेक सुटून विस्कटलेली. बदलायला अर्धा तास पुरला असता. जिनिंगच्या कपाटात नवी तार पडून होती. पण तिला हात लावायचा म्हणजे कबूल करायचं, की बिघाड तिथे होता. म्हणून त्यानं डोकं वळवून दुसरीकडचे नट आवळले, आणि चालढकलीला मेहनतीचं नाव दिलं.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली ती धानोऱ्याच्या वाटेला, दिवस कलताना. कपाशी वेचणारी माणसं घरी गेलेली, शेतं रिकामी, वाटेवर कोणी नाही. त्यानं पाय दाबला. काहीच झालं नाही. इंजिन नेहमीसारखं कण्हत राहिलं, आणि त्याला वाटलं, गेलं वर्ष फुकट. मग, आपण पाय दाबलाय हे तो जवळजवळ विसरला होता तेव्हा, बॉनेटखालून ती शिटी उठली, चढत गेली, आणि गाडीला मागून कोणीतरी दोन्ही हात लावून ढकललं. ओढ पुढून नव्हती. इंजिनाची ओढ कशी असते हे त्याला कळत होतं. हा धक्का मागचा होता, पाठीमागच्या फळीपाशी, जिथे टोपल्या ठेवतात तिथे लावलेला, ताकदवान आणि न बोलता दिलेला. हिलालनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धूळच दिसली असती, हे त्याला माहीत होतं, आणि तरी मान वळली नाही. शंख मोठा, इंजिन लहान. चाकाला वेग यायला वेळ लागतो, म्हणून जोर उशिरा येतो. हेही त्यानं वहीत लिहिलं. लिहिताना अक्षर बिघडलं.

त्यानंतर सगळंच उशिरा यायला लागलं. रंजनाबाई काही म्हणायची, तिचे ओठ हलून थांबायचे, आणि शब्द मागाहून यायचे. "मी काय सांगी ऱ्हायनू, ते ऐकी ऱ्हायनात का तुम्ही?" ती विचारायची. तो हो म्हणायचा, पण त्याचा हो तिच्या आधीच्या प्रश्नाला असायचा. हातोडी मारली की आवाज होईपर्यंतच्या फटीत त्याला कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. इंजिन बंद केल्यावर शिटी किती वेळ टिकते ते तो मोजायला लागला. अठरा. वीस. एकदा त्यानं गाडी सुरूच केली नव्हती, बॉनेटवर फडका मारत होता फक्त, आणि मोजायला लागला तेव्हा तेवीसपर्यंत पोचला. तो शेडला कुलूप लावून घरी गेला आणि जेवला नाही. त्याला भीती वाटत होती, हे स्वच्छ सांगायला हवं. पण भुताची भीती वाटत असती तर बरं होतं. अंगारा लावून ती गेली असती. त्याला वाटत होतं की दादा रागावलेला नाही. दादा नेहमीप्रमाणे हसतमुखानं, मागे उभा राहून, त्याच्या कामाला हात लावतोय. रागावला असता तर हिलाल सुटला असता.

आणि आता तापीबाईनंही शिटी ऐकली होती. त्या दिवसापासून डबा ठेवून ती लगेच जायची नाही. शेडमधल्या लाकडी पेटीवर बसून राहायची. एकदा म्हणाली, "वर्षश्राद्ध झालं का गाडी चैत्याले देसू. तो घाटना माणूस शे, सावकाश हाकस." चैत्या मोलगीकडचा, सुपडूच्या गाडीवर टोपल्या चढवणारा गडी, दोन लेकरांचा बाप, सुपडूनंच त्याला जीप शिकवली होती. "पण त्याच्या पहिले मले तठे ली चाल. देवीले नारळ देवाना शे. गाडी चढस का नही, ते मन्हा डोयानी देखसू." हिलाल म्हणाला, "चढी, वहिनी." दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. चैत्या गाडीत बसणार, चैत्या वळणावर उतरणार, टोपली काढायला मागे जाणार. त्या रात्री हिलालनं ठरवलं, की पहाटे उठून तार बदलायची, कोणाला न सांगता. पहाटे तो उठलाही. नवी तार खिशात घालून जीपखाली गेला, हातातली बॅटरी लावली, आणि तिथेच पडून राहिला. गुपचूप बदलली, की मग कधीच सांगावं लागणार नाही. कायमची मिटेल गोष्ट. हाताशी आलेली ही सुटका त्याला इतकी किळसवाणी वाटली की तो तसाच बाहेर आला. भला माणूस असता तर त्यानं तार बदलून सांगितलंही असतं. हिलालनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तार खिशातच राहिली, आणि आठ वाजता तापीबाई हिरव्या काठाचं पांढरं लुगडं नेसून, नारळाची टोपली घेऊन दारात आली.

टोपली तिनं मागे ठेवली आणि पुढे त्याच्या शेजारी बसली. अक्कलकुव्यापर्यंत दोघंही बोलले नाहीत. मग साग सुरू झाले, रस्त्याची माती तांबडी झाली आणि घाट लागला. हिलालनं पाय दाबला, वाट पाहिली, आणि तो धक्का आला. जीप अशी चढली की खालच्या वळणावरचे लाकूडवाले थांबून बघायला लागले. तापीबाईनं पुढची दांडी घट्ट धरली होती, तिचे ओठ हलत होते. "दम उना," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुन्हा दादा राहता तर..." शिटी इतकी वाढली होती की पुढचं ऐकू आलं नाही. हिलालला वाटलं, हा चढ संपूच नये. चढ आहे तोवर गाव म्हणतं ते खरं आहे.

देवीचं वळण आलं. शेंदूर लावलेला दगड, दोन झेंडे, मागे दरी. त्यानं गाडी थांबवली आणि पायाचा ब्रेक तळापर्यंत दाबून धरला. इंजिन गुरगुरत राहिलं. "बंद कर ना," तापीबाई म्हणाली. "दोन मिनिटं लागतस वहिनी, शंख थंडा व्हवाले," तो म्हणाला. ते खरंच होतं, वहीत लिहिलेलं होतं. ती थांबली. दोन मिनिटं झाली, मग पाच. त्याचा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता. "देवीपुढे इंजिन चालू नही ठेवतस, हिलालभाऊ," ती हलकेच म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं, आणि उतरली. पदर खोचून ती गाडीच्या बाजूनं मागे निघाली, टोपली काढायला.

"वहिनी, मांगे जाऊ नका."

ती थांबली. "कसाले?"

त्याला वाटलं, आपण उत्तर दिलं आहे. मग कळलं, की अजून दिलेलं नाही. "हातब्रेक धरत नही," तो म्हणाला.

तापीबाई गाडीच्या अंगाला हात लावून उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याच्या उताराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "कधपासून?"

"दादानी सांगं व्हतं. दोनदा सांगं. मीच म्हनं, पुढला बाजारले करसू." एवढं बोलल्यावर बाकीचं अडलं नाही. "इंजिन बंदच व्हतं वहिनी. दम नही म्हणीसन नही उनी मांगे."

वारा नव्हता. झेंडे लोंबत होते. तिला कळायला किती वेळ लागला, ते हिलालला सांगता आलं नसतं. त्याच्यासाठी कधीपासून सगळंच उशिरानं येत होतं. ती रडेल, तोंडावर पदर घेईल, किंवा दगड उचलून मारेल, असं त्याला वाटलं, आणि तिनं मारावं असं फार वाटलं. तापीबाईनं विचारलं, "मंग हाई वरीसभर तू काय करी ऱ्हायना व्हता?" आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखरच ते समजून घ्यायचं होतं. सांगण्यासारखं वहीभर होतं, आणि त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवता येण्यासारखं नव्हतं.

ती रस्त्याच्या कडेला गेली. वाकून एक मोठा धोंडा तिनं दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरून आणला आणि मागच्या चाकाला लावला. मग दुसरा, दुसऱ्या चाकाला. लाथ मारून तिनं दोन्ही पक्के बसलेत की नाही ते पाहिलं, एक पुन्हा काढून सरळ लावला, आणि परत लाथ मारून पाहिला. हात लुगड्याला पुसले. मग मागून टोपली काढली, नारळ घेतला, देवीपुढे फोडला, पाणी दगडावर ओतलं. खोबऱ्याचा एक तुकडा तिनं झेंड्याशी ठेवला. दुसरा प्रसादाचा म्हणून हातात घेऊन ती क्षणभर उभी राहिली, आणि मग तोही तिथेच ठेवला.

परत येऊन ती त्याच्या बाजूला उभी राहिली, पण त्याच्याकडे न बघता बोलली. "आते उतर. नही हालाव ती." टोपली तिनं डोक्यावर घेतली. "मी मोलगीले पायी जास. चैत्याले सांगस, गाडी घेऊ नको."

"वहिनी, तार मन्हाजोडे शे. आठेच बसाडी देस."

"बसाड," ती म्हणाली, आणि चालू लागली. घाटाच्या चढावर ती सावकाश, एका लयीत चढत गेली, आणि वरच्या वळणाला सागांआड झाली. मागे वळून तिनं पाहिलं नाही. हिलालनं इंजिन बंद केलं. मग ब्रेकवरचा पाय थोडा थोडा करत सैल केला, आणि शेवटी उचलला. गाडी हलली नाही.